डीजे आत की पिशवी बाहेर?

मुतखड्याने किडनीतून मूत्राशयाकडे जाणारी नळी अडली, किडनी सुजली आणि डॉक्टर म्हणाले, "आधी तुंबलेल्या लघवीला वाट करून देऊ, खड्याचं नंतर बघू." इथपर्यंत पोचलेल्यांसाठी हे लिहितोय. कुळथाचं कढण आणि पानफुटीची पानं आता मागे राहिली. (आमच्या सोसायटीतले दोघं अजूनही आग्रहाने सुचवतात, तो भाग वेगळा.) आणि थंडी वाजून ताप येत असेल तर हेही वाचत बसू नका, रिक्षा पकडा. तुंबलेल्या किडनीत जंतू शिरले की प्रकरण जिवावर बेततं.

वाटा दोन. एक, लघवीच्या मार्गाने दुर्बीण घालून आत स्टेंट, म्हणजे एक बारीक लवचीक नळी, सोडायचा. दोन, सोनोग्राफीत बघत पाठीतून सुई घालून थेट किडनीत नळी बसवायची आणि ती बाहेर पिशवीला जोडायची. हिला दवाखान्यात पीसीएन म्हणतात. लघवी मोकळी करायच्या कामात दोन्ही तोडीस तोड आहेत, युरोलॉजीची मार्गदर्शक तत्त्वंही तेच सांगतात. म्हणूनच डॉक्टर कधीकधी "तुम्हाला काय सोयीचं?" असं विचारतात आणि आपण बायकोच्या तोंडाकडे बघतो.

मला दोन्ही झालंय. पहिल्यांदा डावीकडे स्टेंट, काही वर्षांनी उजवीकडे नळी.

स्टेंटला डीजे, म्हणजे डबल जे, म्हणतात, कारण दोन्ही टोकांना इंग्रजी जे अक्षरासारखा बाक असतो. एक टोक किडनीत अडकतं, दुसरं मूत्राशयात. पुण्यात डीजे म्हटल्यावर टिळक रोडवरची विसर्जनाची रात्र आठवते. हाही डीजे त्याच जातीचा, झोपू देत नाही. खालचं टोक मूत्राशयाला घासत राहतं आणि सारखं वाटतं, लागली. जाऊन यावं तर चमचाभर. शिवाय लघवी करताना थोडी उलट वर चढते, त्यामुळे नेमकी त्याच वेळी कमरेत कळ येते. त्यावर गोळ्या मिळतात, टॅम्सुलोसिन वगैरे. मला त्यांनी रुपयातले चार आणे फरक पडला.

पण खरं सांगायचं तर एवढं मी सोसलं असतं. माझं बिनसलं ते स्कूटरवर. कोथरूडहून स्वारगेटला रोज दुचाकीने जाणारा माणूस मी. स्टेंट असताना हालचाल, दगदग जास्त झाली की लघवीतून रक्त जातं, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. दगदगीत कर्वे रोड धरायचा असतो हे मला कळलं नव्हतं. गतिरोधकावरून गाडी आपटली की संध्याकाळी लघवी कोकम सरबतासारखी. पाणी वाढवलं की रंग फिका, पण मग वाटेत जायला लागणार, आणि वाटेत जाणार कुठे? कोणत्या चौकातलं सार्वजनिक शौचालय उघडं असतं आणि कोणत्या हॉटेलात चहा न घेता जाऊ देतात, हे त्या तीन आठवड्यांत पाठ झालं. शेवटी कामावर बसने जाऊ लागलो. बसमध्ये तर उतरायचीही सोय नाही.

म्हणून दुसऱ्या वेळी मी पाठीतली नळी मागितली. घरच्यांना हे वेडेपणाचं वाटलं. पिशवी लावून फिरणार? लोक काय म्हणतील? लोकांना कळलंच नाही. पिशवी मांडीला पट्ट्याने बांधायची, वरून ढगळ पायजमा. सुई घालताना फक्त ती जागा बधिर करतात; पालथं झोपून राहणं मात्र कंटाळवाणं. नंतर मूत्राशय अगदी शांत. रात्री सलग झोपलो आणि सकाळी पिशवीत डोकावून उजवी किडनी किती काम करतेय ते डोळ्यांनी बघितलं. ते समाधान स्टेंटने कधी दिलं नव्हतं.

नळीचे त्रास आहेतच. उजव्या कुशीवर झोपता येत नाही. आंघोळ म्हणजे पट्टीला प्लॅस्टिक चिकटवून तांब्या-तांब्याने. एकदा नळी बाथरूमच्या कडीत अडकली आणि मला ब्रह्मांड आठवलं. सुदैवाने टाका टिकला, नाहीतर नळी निसटली की पुन्हा दवाखाना.

आणि प्रत्येकाला निवड असतेच असं नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर पाठीतून सुई घालायला डॉक्टर कचरतात, तिथे स्टेंट बरा. किडनी फारशी सुजलेली नसेल तर सुईला जागा सापडणं अवघड. उलट खड्याच्या बाजूने वरच सरकता आलं नाही तर स्टेंट जातच नाही. पाचपैकी एखाद्याला स्टेंट जाणवतही नाही म्हणे. माझ्या मेव्हण्याला नाही जाणवला, तो मजेत खडकवासल्याला जाऊन कणीस खाऊन आला. ज्याला घरून काम करता येतं, गाडी चालवायची नाही आणि पिशवीच्या विचारानेच कसंतरी होतं, त्याने स्टेंट घ्यावा, माझी हरकत नाही. फक्त काढायची तारीख कॅलेंडरवर लिहा. तो दिसत नाही म्हणून विसरला जातो, आणि महिनोन्महिने राहिला तर त्याच्यावरच खडे धरतात.

स्टेंट काढायला पुन्हा लघवीच्या वाटेने दुर्बीण, हेही धरून चाला. दुसऱ्या वेळी खडा काढताना नळी होतीच, म्हणून डॉक्टरांनी वेगळा स्टेंट घातला नाही. पण ते आधी विचारून ठेवा, कारण पुष्कळदा खडा काढल्यावरही थोडे दिवस घालतात. माझी नळी टाका कापून, खाटेवर बसल्या बसल्या निघाली. दोन दिवस पट्टी ओली होत राहिली, तिसऱ्या दिवशी कोरडी निघाली आणि मी स्कूटरची किल्ली शोधायला लागलो.