जळगावात घरामागे आईवडिलांसाठी वेगळं वन बीएचके बांधून घेतलं, त्या ठेकेदाराच्या कामाचा रिव्ह्यू

पाया आणि स्लॅब एक नंबर, प्लंबिंग कामचलाऊ, आणि हिशोबाचं तर पुढे लिहितोच. पाचपैकी साडेतीन स्टार देतोय. त्यातला अर्धा निव्वळ कूलरच्या खिडकीसाठी आहे, हे वाचून बाहेरच्या माणसाला हसू येईल, पण ज्याने मे महिना जळगावात काढलाय तो हसणार नाही.

काम असं होतं. आई आणि आप्पा अमळनेर तालुक्यातल्या गावी दोघंच राहत होते, आईचे गुडघे गेले, आप्पांना शेतात जाणं होईना, म्हणून इकडे या म्हटलं तर आई म्हणाली येईन, पण माझी चूल माझी आणि माझा दरवाजा माझा, तुमच्या त्या टीव्हीच्या आवाजात मी राहणार नाही. बरोबरच आहे तिचं. प्लॉट 2400 फुटाचा, पुढे आमचं जुनं घर, मागे जागा पडीक होती, तिथे 430 फुटाचं वेगळं युनिट काढलं. हॉल, एक बेडरूम, किचन, संडास-बाथरूम आणि समोर बसायला ओटा. आत यायला-जायला बाजूच्या गल्लीतून वेगळं गेट, वेगळा मीटर, वेगळी टाकी, म्हणजे आमच्या घराला कुलूप असलं तरी त्यांचं काही अडत नाही.

खरं तर पहिला विचार वरचा मजला चढवायचा होता, स्वस्त पडेल म्हणून. दोन ठेकेदार येऊन गेले, दोघं म्हणाले टाकून देऊ ना स्लॅब, त्यात काय एवढं. मग हा रिव्ह्यू ज्यांचा आहे ते ठेकेदार भाऊ आले, त्यांनी आधी भिंतीला टिकटिक करून पाहिलं, कॉलम कुठे विचारलं, गच्चीवर जाऊन आले आणि सरळ नाही म्हणाले. आमचं घर जुनं, कॉलम नाहीत, सगळा भार 9 इंची विटांच्या भिंतींवर, आणि खाली पाया किती खोल हे सांगणारं कोणी उरलेलं नाही. आता आपल्याकडे कितीतरी गच्च्यांवर कॉलमच्या सळया गंजत उभ्या असतात, पुढे-मागे मजला चढवू म्हणून सोडलेल्या, त्यांचंही इंजिनिअरला दाखवून मगच ठरवायला पाहिजे, पण आमच्याकडे तर तेवढंही नव्हतं. आणि आईचे गुडघे दुखतात म्हणून घर बांधायचं आणि तिला जिना चढायला लावायचा, हे मला आधी कोणीच बोललं नव्हतं, यांनीच बोलून दाखवलं. स्वतःचं मोठं काम सोडून लहान काम घ्या म्हणणारा ठेकेदार मी तरी पहिल्यांदा पाहिला.

परवानगीचं काम त्यांच्या ओळखीच्या लायसन्सवाल्या इंजिनिअरने केलं. बरेच जण म्हणतात मागच्या बाजूला आहे, कोण बघतं, बांधून टाका. नका करू भो. 2020 च्या डिसेंबरपासून मुंबई आणि थोडे अपवाद सोडले तर सगळ्या महाराष्ट्राला बांधकामाची एकच नियमावली आहे, त्यात छोट्या प्लॉटचं काम सोपं केलंय, 150 चौरस मीटरपर्यंत तर इंजिनिअरच्या सहीने नकाशा दाखल करून फी भरायची आणि काम चालू करायचं, 150 ते 300 मध्ये मंजुरीला 10 दिवसांची मुदत आहे. आमचा प्लॉट दुसऱ्या गटात. मागचं-बाजूचं मार्जिन, म्हणजे हद्दीपासून मोकळी जागा, सोडावंच लागलं, त्यात आमची बेडरूम थोडी आखडली, पण कागद सरळ आहेत.

आता पाया. इथे पूर्ण मार्क. आमच्याकडे काळी माती, पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यात हात जाईल एवढ्या, आणि वरचं घर त्याच्याबरोबर हलतं. कॉलनीत फिरून बघा, खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी निघालेली चीर प्रत्येक तिसऱ्या घराला दिसेल. यांनी कडक मुरूम लागेपर्यंत खोदलं. एका कॉलमच्या खड्ड्यात मुरूम लवकर लागेना तर मी म्हटलं बस झालं आता, तर म्हणे शेठ, तीन कॉलम मुरमावर आणि एक मातीवर ठेवला तर तो एकटाच खाली बसेल. मग अजून खोदलं. निघालेली काळी माती परत प्लिंथमध्ये (जोत्यात) भरू दिली नाही, मुरूम आणला, थर टाकायचा, पाणी मारायचं, धुमसाने ठोकून दाबायचं, पुन्हा थर. ट्रॅक्टरवाला ती माती न्यायला टाळाटाळ करत होता तर त्याच्याशी भांडले. प्लिंथ बीम सगळीकडून बांधून घेतला. एक पूर्ण पावसाळा जाऊन आता उन्हाळा लागलाय, अजून एकही चीर नाही, मी टॉर्च मारून बघतो अधूनमधून.

विटा दीपनगरच्या वीज केंद्राच्या राखेच्या घेतल्या, आपल्याकडे त्याच सहज मिळतात आणि साईज एकसारखी असते. पश्चिमेची भिंत 9 इंची, बाकी 6. स्लॅब भर उन्हाळ्यात पडला, आणि जळगावचं ऊन म्हणजे 44-45, सकाळी मारलेलं पाणी दहा वाजता दिसत नाही. त्यांनी स्लॅबवर सिमेंटच्या पाळी बांधून पाणी तुंबवून ठेवलं आणि कॉलमना बारदान गुंडाळलं. पाणी मारायची ड्युटी मात्र आमच्यावर ढकलली, ते बोलण्यात नव्हतं. आप्पांनी ती इतक्या मनावर घेतली की नळाला पाणी नसलं तर टँकरवाल्याला स्वतः फोन. स्लॅबवर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) आणि वरून पांढऱ्या चायना चिप्स (फरशीचे तुकडे). दुपारी चप्पल न घालता त्या गच्चीवर उभं राहता येतं, आमच्या जुन्या घराच्या गच्चीवर पाय ठेवून दाखवा.

आणि ती खिडकी. कूलर लावायला लोक जिथे जागा सापडेल तिथे लावतात, बहुतेक वेळा पश्चिमेला, मग दुपारी तो गरम हवाच ओढतो. शिवाय समोर हवा बाहेर जायला जागा नसते, म्हणून तासाभरात खोलीत नुसती उमस होते, अंथरूण ओलं लागतं. यांनी कूलरची खिडकी उत्तरेला घेतली, कडुलिंबाच्या सावलीत, खाली लोखंडी स्टँडसाठी आधीच प्लेट टाकून ठेवली, पाण्याचा पॉइंट तिथेच काढला म्हणजे बादल्या ओतायची भानगड नाही, आणि समोरच्या भिंतीत वर एक झरोका ठेवला. नकाशात यातलं काहीच नव्हतं. परवा दुपारी मी आमच्या एसीतून उठून आईकडे जाऊन झोपलो, एवढं सांगतो.

किचनचा ओटाही छान जमला. सगळीकडे 33 इंच उंची धरतात, आमची आई बुटकी. मिस्त्रीने तिला भिंतीपाशी उभं केलं, परात धरल्यासारखे हात करायला लावले आणि कोपराच्या खाली लाल पेन्सिलने रेघ मारली. 30 इंच भरली. तिथे ओटा. आता कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी थापताना खांदा भरून येत नाही म्हणते. बाहेरच्या ओट्याच्या कडेला चूल मांडायला विटांचा कोनाडापण काढून दिला, वांगी भाजायला, कारण गॅसवरचं भरीत आमच्याकडे कोणी भरीत धरत नाही, पऱ्हाट्याच (कपाशीच्या वाळक्या काड्या) लागतात.

इथपर्यंत पाच स्टार. आता बाथरूम.

म्हाताऱ्या माणसांसाठी घर आहे हे माहीत असून बाथरूमचा दरवाजा दोन फुटी. उद्या वॉकर लागला तर? मी बोललो तर म्हणे चौकट येऊन पडलीय. फरशीचा उतार जाळीकडे हवा तर पाणी दरवाज्यापाशी थांबतं, आई वायपर घेऊन उभी. दोनदा फरशी उखडून केली, आता बरं आहे, पूर्ण नाही. संडासची लाईन तर कहर. नवीन लाईन जुन्या घराच्या चेंबरला जोडायची होती, चार इंची पाइपाला दहा फुटाला निदान दोन इंच उतार पाहिजे, पण जुना चेंबर तेवढा खोल नव्हता, तरी तसाच जोडून टाकला. आप्पा तिथे खुर्ची टाकून बसलेले, त्यांनी विचारलं, "पानी कथा जाई रे भाऊ?" म्हणजे पाणी जाईल कुठे. प्लंबर म्हणाला, "व्हई जाई ना आप्पा," होऊन जाईल. झालं काय तर पहिल्याच महिन्यात तुंबलं. शेवटी चेंबर फोडून खोल केला, आणि त्याचे पैसे एक्स्ट्रा लावले! यावरून माझं आणि ठेकेदाराचं चांगलंच वाजलं. अर्धे दिले. प्लंबर त्यांचा स्वतःचा नाही, बाहेरून बोलावतात, तिथेच गडबड आहे.

हिशोबाचं. दर ठरला 1800 रुपये फूट, मटेरियलसकट. यात काय नाही ते विचारा, काय आहे ते विचारू नका. टाकी नाही, ग्रील नाही, गेट नाही, बाहेरचा ओटा निम्म्या दराने धरला, मीटरपासून आत येणारी केबल नाही, मुरूम ठरल्यापेक्षा जास्त लागला तो वेगळा. एकेक रक्कम तशी वाजवी आहे, फसवलं असं मी म्हणणार नाही, पण सगळं तोंडी, आणि प्रत्येक शनिवारी लेबरचं पेमेंट करायचंय म्हणून फोन. तुम्ही करणार असाल तर पैसे टप्प्याने बांधा, प्लिंथला इतके, स्लॅबला इतके, प्लास्टरला इतके, आणि दहा टक्के संडासात दोन महिने पाणी सोडून झाल्यावर. हे लोक कागदावर सही करायला कुरकुरत नाहीत, फक्त कागद तुम्ही न्यायचा.

मीटरचं थोडं सांगतो कारण सगळे विचारतात. एकाच घरात नुसता दुसरा मीटर मागून मिळत नाही, वेगळा दरवाजा आणि वेगळं स्वयंपाकघर दाखवावं लागतं, ते आमच्याकडे खरंच होतं म्हणून महावितरणने दिला. फायदा असा की पहिल्या 100 युनिटचा कमी दर त्यांना वेगळा मिळतो, नाहीतर उन्हाळ्यात दोन घरांचा वापर एकत्र होऊन आपण जास्त दराच्या टप्प्यात जातो. घरपट्टी अर्थातच वाढली. नातेवाइकांचं वेगळंच, "वाटण्या झाल्या का?" म्हणून चोपड्याहून काका बघायला आले, जेवून खाऊन गेले, तरी त्यांची खात्री झालेली नाही.

आमच्या समोरचे आता याच ठेकेदाराकडून भाड्याने द्यायला असंच युनिट करून घेताहेत. त्यांना मी सांगितलंय की वेगळं गेट आणि वेगळी टाकी आधी ठरवा, नाहीतर भाडेकरू तुमच्या पोर्चमधून जाणार आणि पाणी न येण्याच्या दिवशी तुमची मोटर लावायला सांगणार. आणि भाडेकरार नोंदवा, 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने लेखी करार आणि नोंदणी दोन्ही सक्तीचं आहे, स्टॅम्प पेपरवर सही घेतली म्हणजे झालं असं नाही.

थोडक्यात सिव्हिल काम डोळे मिटून द्या, प्लंबर तुमचा आणा, बाथरूमचा दरवाजा अडीच फुटी लिहून घ्या. ठेकेदार फोन उचलत नाहीत, सकाळी नऊच्या आत चालू साईटवर जाऊन गाठायचं. माझ्या मागच्या खिडकीची एक ग्रील अजून यायचीय, ती बसली की चार स्टार करीन.