आरसिसलॉग आणि वेगळा लॉग सर्व्हर: आठ महिन्यांनंतर

गेल्या नवरात्रात अष्टमीच्या रात्री एका गरबा आयोजकांचा फोन आला. "पैसा कपाई गया ने पास न आव्यो!" (पैसे कापले गेले आणि पास आला नाही.) वीस-पंचवीस जणांची हीच तक्रार. पास विकणारी साइट आमची. बडोद्यात दांडिया बाजारातल्या घरून सर्व्हरवर शिरलो, तर डिस्क शंभर टक्के भरलेली. कुणीतरी (म्हणजे मीच) डीबग लॉग (सर्व्हर काय करतो त्याची बारीकसारीक नोंद) चालू ठेवून विसरलं होतं. घाईघाईत कंटेनर (साइट ज्या बंदिस्त डब्यात चालते तो) उडवून नवा उभा केला, साइट सुरू झाली, आणि जुन्या कंटेनरसोबत त्याचे लॉगही गेले. कुणाचे पैसे कुठे अडकले ते दसऱ्याला दिवसभर बँकेच्या उताऱ्याशी एकेक नोंद ताडून शोधलं. आईने फाफडा-जिलेबी आणून ठेवली होती, ती संध्याकाळी मऊ पडलेली खाल्ली.

दिवाळीनंतर लॉगसाठी वेगळं मशीन घेतलं. दोन जीबी रॅमचं, साधं. आधी ग्राफ आणि डॅशबोर्ड दाखवणारं एक मोठं शोधयंत्र त्यावर बसवून पाहिलं. ते स्वतःच सगळी रॅम खाऊन बसलं. मग उबुंटूवर (आमच्या सर्व्हरची लिनक्स प्रणाली) आधीपासून असलेल्या आरसिसलॉगकडे वळलो. लॉगच्या ओळी गोळा करून फाइलीत लिहिणारा किंवा दुसऱ्या मशीनला पाठवणारा हा प्रोग्राम. फुकट आहे, 2004 पासून चालू आहे, आणि आठ महिन्यांत त्याची प्रोसेस एकदाही कोसळली नाही. म्हणून तो सोपा आहे असं मात्र नाही.

पहिली चूक अ‍ॅपमध्येच केली. आमचं अ‍ॅप जँगोचं, म्हणजे पायथनमधलं. पायथनच्या सिसलॉग हँडलरला (लॉगच्या ओळी पाठवणारा त्याचा भाग) थेट दूरच्या सर्व्हरचा पत्ता दिला. तो हँडलर न सांगता यूडीपी वापरतो. पत्र पेटीत टाकायचं, पोचलं की नाही विचारायचं नाही, असा कारभार. दहा हजार ओळी पाठवून पलीकडे मोजल्या, तर कमी भरल्या, आणि कुठेही एका शब्दाची कुरकुर नाही. टीसीपी (आधी जोडणी करून मग पाठवायची पद्धत) केलं तर उलटी गंमत: लॉग सर्व्हर अडखळला की लॉग लिहिणारी रिक्वेस्टही तिथेच ताटकळते. लॉगसाठी गिऱ्हाईक खोळंबणार! शेवटी अ‍ॅपने त्याच मशीनवरच्या सिसलॉगला ओळ द्यायची आणि दूर पाठवायची हमाली आरसिसलॉगने करायची, अशी वाटणी केली. हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

आता रांग, म्हणजे पाठवायच्या ओळी जिथे थांबतात ती. माझ्या मते सगळा जीव इथे आहे. लॉग सर्व्हर बंद असताना ओळींचं काय होतं? मूळ सेटिंगमध्ये पुन्हा प्रयत्न करायची संख्या शून्य असते, म्हणजे ओळी सरळ टाकून दिल्या जातात. एका मित्राच्या सांगण्यावरून ती -1 केली, म्हणजे पोचेपर्यंत प्रयत्न सोडायचा नाही. छान वाटलं. मग लॉग सर्व्हर मुद्दाम बंद करून पाहिला, तर थोड्या वेळाने मुख्य रांगच तुंबली आणि त्या मशीनवरचे स्थानिक लॉगही लिहिले जाईनात. गटाराचं एक तोंड बंद केलं की पाणी सगळ्या गल्लीत येतं, तसं. म्हणून -1 सोबत त्या पाठवणीला स्वतःची रांग द्यायची, तिला फाइलचं नाव द्यायचं म्हणजे मेमरी भरल्यावर ती डिस्कवर उतरते, वर कमाल जागा ठरवायची (आम्ही 1 जीबी ठेवली) आणि बंद होताना रांग जपून ठेव म्हणून सांगायचं. फेब्रुवारीत लॉग सर्व्हर देणाऱ्यांनी रात्री काही तास मशीन बंद ठेवलं. सकाळी उठून पाहतो, तर रांगेच्या फाइली हळूहळू घटत होत्या. अर्ध्या तासात सगळं पलीकडे. चहा गार झाला, पण बघत बसलो.

तरीही साध्या टीसीपीत जोडणी ऐन वेळी तुटली, तर वाटेत असलेल्या थोड्या ओळी जातात, कारण पाठवणाऱ्याला पोच मिळत नाही. पोच देणारा आरईएलपी नावाचा प्रकार आहे. पैशांशी संबंधित लॉग त्यावर नेले, बाकीचे टीसीपीवरच राहू दिले.

मग एक ओळ दिसली: अमुक सर्व्हिसच्या इतक्या ओळी दाबल्या, म्हणजे गाळल्या. दाबणारा आरसिसलॉग नव्हता. अ‍ॅपची ओळ आधी जर्नलडीच्या (उबुंटूचाच लॉग गोळा करणारा दुसरा प्रोग्राम) हातात जाते, आणि एका सर्व्हिसला 30 सेकंदांत साधारण 10,000 ओळी ही त्याची मूळ मर्यादा. डिस्क मोकळी असली तर जरा सैल. म्हणजे पास विक्री उघडते त्या मिनिटाला, जेव्हा लॉग सगळ्यात जास्त हवेत, तेव्हाच कात्री! पास विकणाऱ्या सर्व्हिसपुरती मर्यादा वाढवली आणि डीबग कायमचं बंद केलं.

वेळेचा घोळ तर विचारूच नका. एक मशीन यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची जागतिक वेळ), एक आपल्या वेळेवर. रात्री 9:40 चा व्यवहार शोधत होतो, तो 4:10 ला सापडला. सिसलॉगच्या जुन्या पद्धतीच्या ओळीत ना वर्ष असतं ना टाइमझोन, त्यामुळे ओळ बघून काहीच कळत नाही. नव्या, आरएफसी 5424 च्या साच्यात दोन्ही येतात. तोच वापरा.

पायथनची चूक अनेक ओळींची असते, ती पलीकडे एकाच लांबलचक ओळीत येते आणि मधे मधे #012 दिसतं. घाबरू नका, ती नवी ओळच आहे. वाचताना बदलून घ्यायची. पण एका ओळीची मूळ मर्यादा 8 केबी आहे, आणि त्यापुढचा भाग कापला जातो. चुकीचं खरं कारण नेमकं शेवटच्या ओळीत असतं. दोन्ही टोकांना मर्यादा वाढवली.

28 एप्रिल 2022 च्या सर्ट-इनच्या (सरकारची सायबर सुरक्षा संस्था) निर्देशांप्रमाणे 180 दिवसांचे लॉग ठेवायचे असतात, त्या हिशोबाने डिस्क घेतली. रोजची फाइल दाबून (झिप करून) ठेवतो, जागा पुरते. मात्र लॉग दूर पाठवायला लागल्यावर नीट वाचले, तेव्हा त्यात लोकांचे मोबाइल नंबर आणि एके ठिकाणी चक्क ओटीपी सापडले. लाज वाटली. आता अ‍ॅपमधेच ते झाकून मग पुढे, आणि वाट टीएलएसची, म्हणजे मधे कुणाला वाचता न येणारी, पोर्ट 6514.

तक्रारी? मदतीची पानं विखुरलेली. जुन्या आणि नव्या पद्धतीचं लिखाण शेजारी शेजारी, आणि दोन्ही चालतात, त्यामुळे कुठूनतरी उचललेला तुकडा का चालत नाही हे कळायला संध्याकाळ जाते. शोधायला झेडग्रेप (दाबलेल्या फाइलीत शब्द शोधणारी कमांड) पुरतं. ग्राफ हवे असतील तर दुसरीकडे बघा.

मार्चमध्ये नऊ दिवस एका सर्व्हरवरून काहीच आलं नाही. फायरवॉलमध्ये जुना पत्ता राहिला होता. ओळी रांगेत होत्या, मिळाल्या; पण नऊ दिवस कुणाला पत्ता नाही! आता प्रत्येक मशीनचा क्रॉन (ठरल्या वेळी काम करणारा प्रोग्राम) दर पाच मिनिटांनी "आहे" एवढीच ओळ पाठवतो, आणि पंधरा मिनिटं ती आली नाही की माझा फोन वाजतो. परवा खंडेराव मार्केटजवळ सेव-उसळीच्या गाडीवर वाजला. भागीदार म्हणाला, "दादा, तर्री गार होतेय." तसाच उभ्या उभ्या फोनवरून आत शिरलो. डेव्ह मशीन (फक्त चाचणीचं) होतं, त्याने स्वतःच बंद केलेलं.