प्लांट ऑपरेटरचा 4 महिन्यांचा कोर्स: फी भरण्याआधी त्यांना पंप चालू करायला सांगा

2 स्टार देतोय. एक थिअरी शिकवणाऱ्या सरांना आणि एक यासाठी की क्लास कधी बुडवला नाही. इन्स्टिट्यूटचं नाव लिहीत नाही, कुणाच्या पोटावर पाय द्यायचा नाहीये, पण फी भरायला निघालेल्या आईवडिलांनी हे वाचावं एवढंच.

मी गोव्यात कुंडईला फार्मा कंपनीत प्रोसेस ऑपरेटर आहे, 16 वर्षं झाली, शिफ्टची नोकरी. बहीण डिचोलीला असते. भाचा बारावी सायन्स झाला, मार्क बेताचे, आणि म्हणाला मामा मला तुझ्यासारखं प्लांटमध्ये जायचंय. मला खरंच आनंद झाला. मी म्हटलं आयटीआय कर, 2 वर्षं जातील पण पाया पक्का होईल. तेवढ्यात बहिणीला कुणीतरी सांगितलं की 4 महिन्यांत ‘प्लांट ऑपरेटर डिप्लोमा’ मिळतो, फी 32 हजार, वर नोकरी लावून द्यायला मदत करतात. मी नाइट करून आलो होतो, म्हटलं तुम्हाला बरं वाटेल ते करा. तेव्हाच बसून नीट बोलायला हवं होतं असं आता वाटतं, 32 हजार बहिणीने भिशीतून काढले होते.

आधी चांगलं काय ते सांगतो. थिअरीचे सर जुने, कुठल्यातरी प्लांटमधून रिटायर झालेले, त्यांनी डिस्टिलेशन कॉलम, हीट एक्स्चेंजर, कूलिंग टॉवर हे सगळं फळ्यावर काढून शिकवलं. भाच्याची वही मी बघितली, रिफ्लक्स (कॉलमच्या वरून निघालेली वाफ थंड करून परत आत सोडलेलं लिक्विड) कशाला लागतो हे त्याने इतकं स्वच्छ लिहिलंय की आमच्या ट्रेनीना पण दाखवावं. पी अँड आयडी ड्रॉइंगमधली, म्हणजे प्लांटच्या पाइप आणि मीटरच्या नकाशातली, चिन्हं त्याला पाठ आहेत. एमएसडीएस, म्हणजे केमिकलच्या धोक्यांची माहिती देणारा कागद, वाचायला शिकवलं, ॲसिडमध्ये पाणी ओतायचं नाही, पाण्यात ॲसिड ओतायचं, हे पक्कं डोक्यात बसलंय.

प्रॅक्टिकलचं मात्र काही खरं नाही. एका खोलीत लोखंडी स्टँडवर एक सेंट्रिफ्युगल (आतल्या फिरत्या चाकाने पाणी फेकणारा) पंप बसवलाय, निळा रंग मारलेला, शेजारी टाकी. मी भाच्याला सोडायला गेलो होतो तेव्हा बघितलं, टाकी कोरडी आणि डिस्चार्ज व्हॉल्व्हच्या (पाणी बाहेर जायच्या बाजूचा) चाकावर धूळ, बोट फिरवलं तर बोटाचा ठसा उमटला. 4 महिन्यांत तो पंप एकदाही चालू झाला नाही. मुलं त्याच्या भोवती उभी राहून सक्शन (पाणी आत यायची बाजू) कुठलं डिस्चार्ज कुठलं ते बोटाने दाखवायची, फोटो काढायचे, झालं प्रॅक्टिकल.

आता यात एवढं काय असं कुणाला वाटेल म्हणून जरा सविस्तर लिहितो. कोर्समध्ये शिकवलं की पंप सुरू करताना सक्शन पूर्ण उघडा, आतली हवा काढा, डिस्चार्ज बंद ठेवा, मोटर चालू करा, प्रेशर आलं की डिस्चार्ज हळूहळू उघडा. एकदम बरोबर, सेंट्रिफ्युगलला असंच करतात, मोटरवर सुरुवातीला लोड कमी येतो. एक दिवस तो माझ्या घरी जेवायला आला तेव्हा मी सहज विचारलं, बाबा डोझिंग पंप (केमिकल मोजून सोडणारा) असेल तर कसा चालू करशील. तो पटकन म्हणाला, डिस्चार्ज बंद ठेवून. माझा घास हातातच राहिला. डोझिंग पंप, गिअर पंप हे लिक्विड ढकलतच राहतात, पुढे वाट बंद असली तर प्रेशर चढत जातं, जास्तीचं प्रेशर सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह नसेल नाहीतर अडकलेला असेल तर लाइन नाहीतर पंपच फुटतो. आणि त्या लाइनमध्ये कॉस्टिक सोडा असेल तर? समोर उभ्या माणसाचे डोळे जातील. पोराची काही चूक नाही, त्याला एकच पंप दाखवला, तोही बंद.

दुसरी गोष्ट मला याहून जास्त लागली. लॉगशीट. दर तासाला रीडिंग घ्यायचं, टेंपरेचर, प्रेशर, लेव्हल, हे ऑपरेटरचं रोजचं काम. त्यांच्याकडे लॉगशीटचे छापील कागद आहेत पण रीडिंग घ्यायला चालू मशीनच नाही, म्हणून मुलांना सांगितलं जुन्या शीटवरून थोडे आकडे बदलून भरा. म्हणजे शिकायच्या वयात खोटं रीडिंग भरायची सवय! आमच्या फार्मा कंपनीत बॅच रेकॉर्ड असतं, प्रत्येक बॅच कशी बनली त्याची नोंद, त्याचा पहिला नियमच हा की काम करशील तेव्हाच लिही, आधी नको, शिफ्ट संपताना आठवून नको. एक आकडा मनाने भरलेला सापडला तर पूर्ण बॅच अडकते, आणि ते औषध शेवटी कुणाच्या तरी पोटात जाणार असतं. मी त्या ऑफिसात जाऊन हे बोललो. मॅडम शांतपणे ऐकून घेऊन म्हणाल्या, सर हे फक्त फॉरमॅट समजण्यासाठी असतं. असेल, पण मला नाही पटलं.

सर्टिफिकेटचं पण सांगतो. कागद झकास आहे, सोनेरी बॉर्डर वगैरे, पण खाली फक्त त्यांचाच शिक्का, कुठल्या बोर्डाचा नाही. भाचा 3 ठिकाणी गेला, तिन्ही ठिकाणी विचारलं आयटीआय आहे का, बीएस्सी आहे का. एका ठिकाणी हेल्पर म्हणून कॉन्ट्रॅक्टरकडे घेतो म्हणाले. हेल्परचं काम वाईट नाही, मी पण केलंय, पण त्यासाठी 32 हजार कशाला भरायचे.

आणि बॉयलर. त्या कोर्सच्या जाहिरातीत बॉयलर ऑपरेशन असं मोठ्या अक्षरात आहे. बॉयलर चालवायला बॉयलर अटेंडंटचं सर्टिफिकेट लागतं, सेकंड क्लास नाहीतर फर्स्ट क्लास, ते सरकारी परीक्षा देऊनच मिळतं, आपल्याकडे त्याची चौकशी पणजीत आल्तिनोला फॅक्टरीज अँड बॉयलर्सच्या ऑफिसात करायची. 1923 चा कायदा होता, आता 2025 चा नवीन आलाय, पण खाजगी क्लासच्या कागदावर बॉयलरला हात लावायला आधीही मिळत नव्हतं आणि आताही मिळत नाही. हे त्यांनी फी घेताना सांगायला पाहिजे होतं.

मग शेवटी काय केलं ते लिहितो, कुणाला उपयोग होईल. भाच्याला आयटीआयला घातलं, अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट, सगळे एओसीपी म्हणतात. 2 वर्षांचा ट्रेड, दहावी सायन्स-गणित घेऊन पास लागते, हा ट्रेड प्रत्येक आयटीआयमध्ये नसतो म्हणून फॉर्म भरण्याआधी विचारा. सर्टिफिकेट देशभर चालतं. त्यानंतर अप्रेंटिसशिप, तिचा स्टायपेंड 2019 ला ठरला तेव्हा आयटीआयवाल्याला महिना किमान 7000 होता, म्हणजे पैसे भरून नाही तर पैसे घेऊन शिकायचं. पॉलिटेक्निकचा केमिकलचा डिप्लोमा पण चांगला, 3 वर्षांचा, बारावी सायन्स किंवा आयटीआय झालेल्यांना थेट दुसऱ्या वर्षासाठी अर्ज करता येतो. डिप्लोमावाला पुढे सुपरवायझर व्हायची शक्यता जास्त, पण ज्याला हाताने मशीन चालवायला आवडतं त्याने एओसीपीच करावं असं माझं मत.

आयटीआय म्हणजे सगळं छान असं नाही हां. तिथली पण अर्धी यंत्रं जुनी आहेत, डीसीएसचा (कॉम्प्युटरवरून प्लांट चालवायची सिस्टीम) स्क्रीन त्याने अजून बघितला नाही, आमच्याकडे तर सगळं स्क्रीनवर चालतं. संडासाची तक्रार बहीण दर आठवड्याला करते.

पण गेल्या महिन्यात रविवारी आला तेव्हा नखात काळं ग्रॅफाइट अडकलेलं. त्यांच्या सरांनी पंपाचं ग्लँड (शाफ्टभोवती पाणी गळू नये म्हणून पॅकिंग बसवतात ती जागा) खोलायला लावलं, जुनी पॅकिंगची दोरी हुकाने ओढून काढायला लावली, नवीन कापून रिंगा घालायला लावल्या, प्रत्येक रिंगेचा जोड वेगळ्या बाजूला. याने नट गच्च आवळला. सरांनी काही न बोलता पंप चालू केला आणि थोड्या वेळाने ग्लँडजवळ हात न्यायला सांगितला, गरम! मग सांगितलं की या ग्लँडमधून थेंब थेंब पाणी यायलाच पाहिजे, त्याच पाण्याने शाफ्ट थंड राहतो. भाचा हे सांगताना हाताने थेंब पडल्यासारखं करून दाखवत होता, बहीण भात वाढायची थांबून ऐकत होती.

तुम्ही कुठलाही क्लास बघायला जाल तेव्हा कामाच्या दिवशी सकाळी जा, प्रॅक्टिकलची बॅच चालू असताना. सर्टिफिकेटवर कुठल्या बोर्डाचा शिक्का ते आधी बघा. मग पंपाजवळ उभे राहून सांगा, चालू करा. टाकीत पाणी आहे का बघा, आणि पंप चालू झाल्यावर एखाद्या मुलाला विचारा की आता गेजवर रीडिंग किती, वहीत किती लिहिलंय.