आरसीटीचा एक्स-रे: ऑटो फिल्टर की हाताने कॉन्ट्रास्ट?

आरसीटी म्हणजे रूट कॅनॉल. तिचे एक्स-रे फिल्मऐवजी सेन्सरने थेट कॉम्प्युटरवर आणणारं आरव्हीजी बसवून देणारा माणूस जाताना सॉफ्टवेअरमधला एन्डो फिल्टर (आरसीटीच्या चित्राला आपोआप धार आणणारी सोय) बहुधा चालूच ठेवून जातो. मग एक्स-रे काढला की पडद्यावर झळझळीत चित्र येतं. मुळातली नळी म्हणजे कॅनॉल साफ करायची बारीक फाइल ठसठशीत दिसते, मुळाची कड कोरल्यासारखी दिसते. दुसरा मार्ग म्हणजे हा फिल्टर बंद ठेवायचा, सेन्सरचं कच्चं चित्र तसंच घ्यायचं आणि कॉन्ट्रास्ट, गॅमा (मधल्या करड्या छटांचा उजळपणा) दर वेळी हाताने लावायचा. गेवराई, उदगीर, वसमतसारख्या ठिकाणी एकट्याने क्लिनिक चालवणाऱ्याला हा निर्णय पहिल्याच आठवड्यात घ्यावा लागतो. मी दोन्ही वापरलं आहे. आता हाताने करतो. ऑटोवर माझा तसा राग नाही, एक गोष्ट सोडली तर.

ऑटोची बाजू आधी, कारण ती खरी आहे. दिवाळीच्या तोंडावर ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या बेतात असतात आणि पेशंट दाढ आजच संपवून मागतो. एकाच बैठकीत वर्किंग लेंथचा (फाइल किती खोल न्यायची त्या लांबीचा) एक, मास्टर कोनचा (कॅनॉलमध्ये भरायच्या मुख्य कांडीचा) एक, भरल्यावर एक असे तीन-चार एक्स-रे होतात. रबर डॅम (दाताभोवतीचा रबरी पडदा) लावलेल्या पेशंटला ताटकळत ठेवून पडद्यावर गॅमा फिरवत बसणं जिवावर येतं. अशा वेळी फाइल कुठवर गेली एवढंच बघायचं असेल, तर ऑटो फिल्टर उत्तम काम देतो. फक्त फाइल १५ नंबरची तरी हवी. ८ आणि १० नंबरची टोकं ०.०८ आणि ०.१० मि.मी.ची. एक्स्पोजर जरा कमी पडून चित्र दाणेदार झालं की ऑटोमधला शार्पन दाण्यांनाही धार लावतो आणि दाणे पुसणारा फिल्टर त्यांच्यासोबत फाइलचं टोकही पुसतो. लांबी कमी वाचली जाते. ॲपेक्स लोकेटर (मुळाचं टोक विजेवर शोधणारं यंत्र) आणि एक्स-रे यांत तफावत आली, तर यंत्राला दोष देण्याआधी फिल्टर काढून एकदा बघावं.

आता ती एक गोष्ट. शार्पन मुळात काय करतो? पांढरं आणि करडं जिथे भेटतं, तिथे पांढऱ्याची कड आणखी पांढरी करतो आणि शेजारचं करडं आणखी काळं करतो. डोळ्याला वाटतं, रेषा स्पष्ट झाली. पण गट्टापर्चा (कॅनॉल भरायचा रबरासारखा पदार्थ) आरसीटीच्या चित्रातल्या सगळ्यात पांढऱ्या वस्तूंपैकी एक आणि डेंटिन (दाताचा आतला कठीण थर) करडं. त्यामुळे व्यवस्थित भरलेल्या कॅनॉलच्या दोन्ही बाजूंनी बारीक काळी रेघ उमटते. ती हुबेहूब पोकळीसारखी दिसते. सीलर (फटी बुजवणारं सिमेंट) पोहोचला नाही, गट्टापर्चाचा कोन भिंतीला टेकला नाही असं वाटतं आणि चांगलं भरलेलं काम उकरण्याचा मोह होतो. क्राउनच्या कडेखाली हीच रेघ आली की नवी कीड वाटते.

ही रेघ ओळखता येते. फिल्टरची रेघ सगळीकडे सारख्या जाडीची असते आणि गट्टापर्चाच्या वळणाबरोबर तंतोतंत वळते. शेजारच्या दाढेत चांदी भरलेली असेल, तर तिच्याभोवतीही तशीच दिसते. खरी पोकळी वेडीवाकडी असते, बहुतेक करून एकाच बाजूला किंवा शेवटच्या २-३ मि.मी.त असते आणि कच्च्या चित्रातही टिकते. एवढं माहीत असूनही प्रत्येक भरलेल्या दाढेला फिल्टर काढून खात्री करावी लागते. मग तो चालू ठेवून वाचलेला वेळ गेला कुठे? माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

हाताने करायचं तर क्रम असा. कच्चं चित्र उघडायचं. आधी बघायचं की इनॅमल (दाताचं वरचं कवच) आणि डेंटिन वेगळे दिसतात का आणि दातांमधलं हाडाचं टोक जळून काळं झालेलं नाही ना. ते ठीक असेल तर कॉन्ट्रास्ट थोडा वाढवायचा, मग गॅमा हलवून मुळाच्या टोकाभोवतीचा गडद भाग उघडायचा. लॅमिना ड्युरा (मुळाभोवतीच्या हाडाची पांढरी रेघ) आणि पीडीएलची (मूळ आणि हाड यांमधल्या पडद्याची) फट सलग दिसू लागली की थांबायचं. ब्राइटनेस शेवटी. झूम दुपटीपर्यंत पुरतो, त्यापुढे चौकोन दिसतात. हाताला सवय झाली की हे सगळं पंधरा-वीस सेकंदांचं काम आहे. खिडकीचा पडदा ओढला आणि खुर्चीचा दिवा बाजूला केला, तर त्यातला निम्मा खटाटोप वाचतो, असा माझा तरी अनुभव आहे. उलटं (काळ्याचं पांढरं केलेलं) चित्र कुणाला फाइल शोधायला बरं वाटतं, मला त्याचा फारसा उपयोग होत नाही. उठावदार दिसणारा एम्बॉस पेशंटला दाखवायला ठीक, त्यावरून निदान करू नये.

दोन्हींच्या आवाक्याबाहेरचंही बरंच आहे. जास्त एक्स्पोजरने जळालेला भाग परत येत नाही, तिथे माहितीच उरलेली नसते. वरच्या दाढेच्या मुळांवर गालाचं हाड आलं, तर एक्स-रेची दिशा बदलून दुसरा घ्यावा, साधारण २० अंश मेझिअलकडून (पुढच्या दातांच्या बाजूने). गुटख्याने तोंड दोन बोटंही उघडत नसेल, तर सेन्सर तिरपा बसतो आणि मूळ आखूड दिसतं. तिथे छोटा सेन्सर आणि ॲपेक्स लोकेटर, दुसरा इलाज नाही. शिवाय बेंडर आणि सेल्ट्झर या संशोधकांनी १९६१ मध्येच दाखवून दिलं होतं की आतल्या जाळीदार हाडातलं नुकसान बाहेरच्या कठीण हाडापर्यंत पोहोचेपर्यंत एक्स-रेवर सहसा दिसत नाही. जे चित्रात उतरलंच नाही, ते कुठलाही फिल्टर आणून देणार नाही.

हाताने करण्यातली उणीव हीच की दर वेळी हात सारखा पडत नाही. फॉलोअपला ती बोचते. टोळीबरोबर गेलेला पेशंट उन्हाळ्यात परततो, तेव्हा सहा महिन्यांचा एक्स-रे घ्यायची वेळ आलेलीच असते. पहिला एका कॉन्ट्रास्टचा आणि दुसरा भलत्याच, अशी तुलना केली तर मुळाखालचा काळा डाग भरत आलाय की तसाच आहे, हे सांगता येत नाही. ऑटोमध्ये हा सारखेपणा आपोआप मिळतो, असं वाटतं. पण सॉफ्टवेअर अपडेट झालं किंवा कॉम्प्युटर फॉरमॅट केला की फिल्टरची सेटिंग बदललेली असू शकते आणि ते लक्षातही येत नाही. म्हणून तुलना दोन कच्च्या चित्रांची करावी. दोन्ही शेजारी उघडून एकच कॉन्ट्रास्ट लावावा. संभाजीनगरच्या एन्डोडॉन्टिस्टचं मत हवं असेल, तर कच्च्या चित्राची कॉम्प्युटर-फाइल व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. फोटो म्हणून पाठवली की ती दाबून लहान केली जाते. पडद्याचा मोबाइलने काढलेला फोटो तर नकोच, त्यात लाटांसारख्या रेघा येतात.

ज्यांना गर्दीमुळे ऑटोच ठेवायचा आहे, त्यांनी खुशाल ठेवावा, पण आधी एक चाचणी करावी. एक चित्र फिल्टरसकट सेव्ह करायचं, सॉफ्टवेअर बंद करायचं, पुन्हा उघडायचं आणि मूळ चित्रावर परत जाता येतं का ते बघायचं. येत असेल तर हरकत नाही. नसेल, तर विक्रेत्याला बोलावून कच्चं चित्र वेगळं साठवण्याची सेटिंग करून घ्यावी आणि तोवर फिल्टर बंद ठेवावा.