१९६७ ची चेरोकी १८०: इंजिन नवं करून घेतल्यानंतरचे चौदा महिने

इंजिन परत बसवल्याला चौदा महिने झाले. तेवढ्यात विमान १३६ तास उडालं. ते घेतलं त्याला मात्र दोन वर्षं आणि दोन महिने झाले आहेत. मधले नऊ महिने ते ओहायोतल्या आमच्या छोट्या धावपट्टीवरच्या हँगरमध्ये इंजिनाशिवाय उभं होतं. नाकातलं वजन गेलं की चेरोकी शेपटीवर बसते, म्हणून शेपटीखाली टेकू लावावा लागतो. त्या टेकूकडे मी नऊ महिने रोज बघत होतो. ज्यांच्या मनात जुनं विमान घ्यायचा विचार घोळतोय, त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितोय.

विमान पायपर पीए-२८-१८०, सी मॉडेल. चार आसनं, खाली बसवलेले पंख, चाकं कायम बाहेर, आणि लायकमिंग ओ-३६० हे १८० अश्वशक्तीचं चार सिलिंडरचं इंजिन. पंख मुळापासून टोकापर्यंत सारख्याच रुंदीचे, फळीसारखे. दार एकच, उजव्या बाजूला. ट्रिमचा (नाकाचा वर-खाली कल साधणारा) हँडल डोक्यावर छताला, बसच्या खिडकीच्या जुन्या हँडलसारखा फिरवायचा. फ्लोरिडातल्या व्हेरो बीचच्या कारखान्यात ही विमानं बनायची. पीए-२८ या घराण्यातली तीस हजारांहून जास्त विमानं आजवर बनली, त्यामुळे साठीकडे झुकलेल्या या विमानाचे सुटे भाग आजही मिळतात. जुनं विमान निवडताना माझ्या मते हा पहिला प्रश्न असावा. देखणेपण नंतर बघा.

मी ते ५८ हजार डॉलरला घेतलं. जाहिरातीत मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: ओव्हरहॉलनंतर फक्त ६४० तास. ओव्हरहॉल म्हणजे इंजिन पूर्ण उघडून नवं करणं. या इंजिनाची आयुमर्यादा २००० तासांची धरतात, म्हणजे १३६० तास शिल्लक, असा हिशेब मी केला. त्याच मर्यादेला बारा वर्षांचीही अट आहे, आणि हा ओव्हरहॉल १९९८ सालचा होता, याकडे तेव्हा मी पुरेसं लक्ष दिलं नाही. शेवटची सहा वर्षं विमान जवळपास उडालंच नव्हतं. आधीच्या मालकांचं वय झालं होतं. माणूस मनापासून प्रेम करणारा. वर्षातून दोनतीनदा येऊन जागेवरच इंजिन चालू करायचे, दहा मिनिटांनी बंद करायचे.

ती दहा मिनिटंच नडली. इंजिन चाललं की ज्वलनातून पाणी तयार होतं आणि त्यातलं थोडं खाली तेलात उतरतं. ते उडून जायला तेल साधारण ८० अंश सेल्सिअसवर अर्धा तास तरी राहावं लागतं, आणि तेवढी उष्णता उड्डाणातच मिळते. जागेवर चालवून बंद केलं की पाणी आतच राहतं. त्यात या इंजिनांचा कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उचलणारा दांडा, क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, वर असतो. महिनोन्‌महिने इंजिन बंद राहिलं की तेल निथळून खाली जातं, कॅम आणि टॅपेट (कॅमचा धक्का व्हॉल्व्हकडे पोचवणारे तुकडे) कोरडे पडतात आणि गंजतात. नंतर विमान पुन्हा उडायला लागलं की गंजलेला पृष्ठभाग कानशीसारखं काम करतो.

घेण्याआधी तपासणी केली होती. चारही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत भरलेला हवेचा दाब किती टिकतो ते, ८० पैकी ७४ च्या वर. बोरस्कोप (आत बघायची बारीक दुर्बीण) घालून व्हॉल्व्ह पाहिले, स्वच्छ. पण कॉम्प्रेशन सांगतं रिंगांची आणि व्हॉल्व्हची तब्येत. कॅमबद्दल ते काहीच सांगत नाही. सिलिंडर काढल्याशिवाय कॅम धड दिसत नाही, आणि विकणारा माणूस सहसा सिलिंडर काढू देत नाही.

२८ तासांनी मी तेल बदललं. प्रत्येक वेळी जुना फिल्टर कापून आतला कागद उलगडून बघायचा, ही सवय आमच्या मेकॅनिकनी लावली. ते त्र्याहत्तर वर्षांचे आहेत, वार्षिक तपासणीवर सही करायचा परवाना त्यांच्याकडे आहे. कागदाच्या घड्यांत चकचकीत कण दिसले. कागद सॉल्व्हंटमध्ये धुतला, चुंबक फिरवला, कण चुंबकाला चिकटले. म्हणजे पोलाद. मग रॉकर कव्हर (सिलिंडरच्या डोक्यावरचं झाकण) उघडून डायल गेजने प्रत्येक व्हॉल्व्ह किती उचलला जातो ते मोजलं. दोन व्हॉल्व्ह बाकीच्यांपेक्षा स्पष्ट कमी उचलले जात होते. एक सिलिंडर उतरवला. कॅमचं टोक गोल झालं होतं आणि टॅपेटच्या तोंडाला देवीच्या व्रणांसारखे खड्डे. या मॉडेलचे टॅपेट इंजिनाचं धड दुभंगल्याशिवाय निघत नाहीत. मेकॅनिकनी हात पुसले आणि शांतपणे म्हणाले, "आता पूर्णच करून घेऊ."

ओव्हरहॉलचे ३६ हजार डॉलर झाले. काढणं, बसवणं, नवे होज आणि इंजिन माउंटचे नवे रबर धरून आणखी साडेचार हजार. वर्कशॉपवाले चार महिन्यांत देतो म्हणाले होते, नऊ लागले. त्या काळात मी खूप चिडलो, हे कबूल करतो. पण हातात काम होतं म्हणून निभावलं, आणि आज मागे वळून पाहताना वाटतं की विमान खऱ्या अर्थानं माझं झालं ते त्या नऊ महिन्यांत.

सगळ्यात मोठं काम पेट्रोलच्या टाक्यांचं. चेरोकीच्या टाक्या पंखाच्या पुढच्या कडेचाच भाग असतात आणि ओळीनं लावलेल्या स्टारच्या स्क्रूंनी बसवलेल्या असतात. टाकी काढली तरच तिच्या मागचा मुख्य स्पार, म्हणजे पंखाचा कणा, नीट दिसतो. उजव्या टाकीचे स्क्रू कित्येक वर्षांत कुणी हलवले नव्हते. रात्री गंजतेल (गंज सैल करणारं तेल) सोडायचं, सकाळी हातानं फिरवून बघायचं. घाई केली की खाच गुळगुळीत होते आणि मग ड्रिल. ती बाजू सोडवायला मला तीन शनिवार लागले, चौदा स्क्रू ड्रिल करावे लागले. टाकी बाहेर आली, टॉर्च मारली. स्पारवर कारखान्यातला मूळ हिरवा प्रायमर जसाच्या तसा होता. मी तिथेच खाली बसलो. डोळ्यांत पाणी आलं होतं.

मागच्या सीटखालचं दृश्य इतकं चांगलं नव्हतं. दाराचं रबर कडक झालेलं, त्यातून पावसाचं पाणी वर्षानुवर्षं गालिच्याखाली जात होतं. ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरली होती. ती खरवडून, रसायन लावून, प्रायमर मारून झाला. नशिबानं गंज वरवरचा होता. दाराचं नवं रबर शंभर डॉलरच्या आत मिळतं, आणि चेरोकीवर याच्याइतका चांगला खर्च दुसरा नाही. बॅटरीपासून स्टार्टरपर्यंतची केबल त्या काळच्या पद्धतीप्रमाणे ॲल्युमिनियमची होती. ती काढून तांब्याची घातली. थंडीत स्टार्टर आधी कण्हायचा, आता पहिल्या फेऱ्यात इंजिन धरतो.

उपकरणांबद्दल थोडक्यात. जुना व्हॅक्यूम पंप आणि त्यावर चालणारे जायरो (विमानाचा कल आणि दिशा दाखवणारी उपकरणं) काढून गार्मिनचे दोन जी५, म्हणजे तेच दाखवणारे छोटे इलेक्ट्रॉनिक पडदे, लावले. तो पंप आतली कार्बनची पाती तुटून पूर्वसूचना न देता बंद पडतो. ढगात असताना ती काळजी नको होती. एडीएस-बी, म्हणजे विमान कुठे आहे ते आपोआप प्रसारित करणारं यंत्र, आधीच्या मालकांनी बसवलेलं होतं. २०२० पासून अमेरिकेतल्या बहुतेक नियंत्रित हवाई हद्दीत ते लागतंच.

इंजिन आल्यावर पहिलं उड्डाण धावपट्टीच्या डोक्यावर घिरट्या घालत, ७५ टक्के शक्तीवर, दोन तास. नव्या सिलिंडरांत रिंगा बसण्यासाठी जोर लावूनच चालवावं लागतं. जपून हळू चालवलं तर रिंगा बसत नाहीत आणि इंजिन कायम तेल पीत राहतं. सुरुवातीला साधं मिनरल तेल घातलं. आठ तासांत एक क्वार्ट (जवळपास एक लिटर) लागत होतं, पस्तिसाव्या तासानंतर ते पंधरा तासांना एक क्वार्ट असं स्थिरावलं. तेव्हापासून दर पन्नास तासांनी किंवा चार महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा, तेल आणि फिल्टर बदलतो. चार फिल्टर कापले. शेवटच्या दोनांत काहीही नाही.

इथल्या नियमांप्रमाणे वैमानिक-मालकाला ठरावीक कामं स्वतः करून लॉगबुकात स्वतःच्या सहीनं नोंदवता येतात: तेल, प्लग, टायर, बॅटरी, वंगण. मी ती सगळी करतो. पेट्रोलमध्ये शिसं असल्यामुळे खालच्या प्लगांत शिशाचे बारीक गोळे अडकतात. जमिनीवर टॅक्सी करतानाच हवा-पेट्रोलचं मिश्रण चांगलं पातळ (पेट्रोल कमी) ठेवायला लागलो तेव्हापासून ते खूप कमी झाले. वार्षिक तपासणीतही मेकॅनिकच्या हाताखाली मीच पॅनल उघडतो, साफ करतो, परत लावतो. पहिल्या वर्षी त्या तपासणीचे ४,८०० डॉलर झाले होते, यंदा १,७००.

माझे वडील धुळ्याला एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. मागच्या उन्हाळ्यात आई आणि ते इथे आले तेव्हा त्यांना हँगरमध्ये नेलं. काउलिंग (इंजिनावरचं झाकण) उघडली, त्यांनी चष्मा पुसला, इंजिनाच्या खालून बोट फिरवून वास घेतला. "रॉकर कव्हरपाशी पाझरतंय," म्हणाले. खरंच गॅस्केट किंचित पाझरत होतं. मी त्यांना कॅमची गोष्ट सांगितली. "अरे, डेपोत कोपऱ्यात पडलेली गाडी बाहेर काढायची म्हटलं की आमचा अख्खा दिवस जायचा," ते म्हणाले. "रोज सुरत-नाशिक करणारी गाडी कधी त्रास द्यायची नाही." नंतर त्यांना शेजारी बसवून चाळीस मिनिटं फिरवून आणलं. दर अर्ध्या तासाला मी पेट्रोलची टाकी बदलतो, कारण चेरोकीत दोन्ही टाक्या एकदम चालू ठेवायची सोय नाही. ते घड्याळाकडे लक्ष ठेवून होते. मी हात पुढे करायच्या आधीच म्हणाले, "वेळ झाली."

उडायला कशी आहे? शांत, समंजस. वेग १२० नॉटच्या (ताशी सुमारे २२० किलोमीटर) आसपास, तासाला साडेनऊ गॅलन पेट्रोल. वाऱ्यात दणकट. उतरताना वेग वाढू दिला तर फळीसारखे पंख जमिनीजवळ तरंगत राहतात; वेग खूपच पडला तर दणकन बसते. उन्हाळ्यात चार मोठी माणसं आणि पूर्ण टाक्या हे मी करत नाही, चढाईचा दर फार घटतो. शीला आणि मी, दोन बॅगा आणि पूर्ण पेट्रोल, यासाठी याहून चांगलं विमान मला या पैशात माहीत नाही.

घेणार असाल तर एकच आग्रह: एकूण तास कमी आहेत यावर भुलू नका, गेल्या पाच वर्षांत दरवर्षी किती तास उडालं ते लॉगबुकांतून स्वतः काढा. १८०० तास झालेलं पण दर आठवड्याला उडणारं इंजिन मी आज बिनधास्त घेईन. आणि विमानाच्या किमतीइतकी नाही तरी तिच्या निम्मी रक्कम बाजूला ठेवल्याशिवाय सौद्याला बसू नका. माझे आजवर विमानासकट १ लाख ११ हजार डॉलर गेले आहेत, हँगरचं मासिक ३१० डॉलर भाडं, विमा आणि पेट्रोल वेगळं.

आता डाव्या टाकीच्या खाली दोन रिव्हेटांभोवती निळा डाग दिसायला लागलाय. विमानाच्या पेट्रोलचा रंग. पाझर थेंबाइतकाही नाही, पण थंडीत ती टाकी उतरवणार आहे. या शनिवारपासून स्क्रूंना गंजतेल सोडायला सुरुवात केली.