मकाऊ: हाँगकाँगच्या पॅकेजमधला एक दिवस नको, दोन रात्री द्या

मुंबई-पुण्यातून निघणाऱ्या हाँगकाँगच्या पॅकेजांत मकाऊ बहुतेकदा एका दिवसाचं असतं. सकाळी फेरी, सेंट पॉलच्या भग्न चर्चसमोर फोटो, व्हेनेशियन या कॅसिनो-रिसॉर्टमध्ये दोन तास आणि संध्याकाळी परत. यात पैसे वसूल होत नाहीत. हाँगकाँगमधून बाहेर, मकाऊत आत, मकाऊतून बाहेर, पुन्हा हाँगकाँगमध्ये आत, अशा एका दिवसात चार वेळा इमिग्रेशनच्या रांगा लागतात आणि मकाऊ हातात येतं ते भर दुपारी, नेमकं गर्दीच्या वेळी. स्वतः आखणी करून मधल्या वारी दोन रात्री राहिलात, तर हेच शहर वेगळं दिसतं.

आधी कागदपत्रं. मकाऊसाठी भारतीय पासपोर्टवर ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. अडचण येते ती हाँगकाँगची. तिथे उतरून शहरात जायचं तर प्री-अरायव्हल रजिस्ट्रेशन आधी ऑनलाइन करावं लागतं. ते मोफत आहे, निकाल लगेच कळतो, सहा महिने चालतं आणि प्रत्येक वेळी १४ दिवसांपर्यंत राहता येतं. मकाऊहून परत हाँगकाँगला येणं ही नवी एंट्री धरली जाते, पण तेच रजिस्ट्रेशन पुन्हा चालतं. घोळ होतो तो नाव आणि पासपोर्ट क्रमांकात. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल, वडिलांचं नाव गिव्हन नेममध्ये असेल, तर फॉर्ममध्येही अक्षरन्‌अक्षर तसंच भरा. एक अक्षर चुकलं तरी मुंबईच्या काउंटरवरच विमान कंपनी थांबवू शकते. मधल्या काळात पासपोर्ट नवा झाला असेल तर जुनं रजिस्ट्रेशन चालत नाही. स्लिप कागदावर छापून घ्या, मोबाइलवर विसंबू नका. अर्ज नाकारला गेला तर रीतसर व्हिसाचा अर्ज करावा लागतो आणि त्याला आठवडे जातात, म्हणून विमानाची तिकिटं काढण्याआधी रजिस्ट्रेशन करा. दोन्हीकडे पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, छोटी चिठ्ठी देतात. ती पासपोर्टमध्येच ठेवा.

हाँगकाँग विमानतळावरून थेट मकाऊला जायचं असेल तर हाँगकाँगच्या इमिग्रेशनकडे वळूच नका. ट्रान्सफर भागात फेरी आणि बसचे काउंटर आहेत. तिथे तिकीट काढून बॅगेचा टॅग दाखवायचा, बॅग ते लोकच पुढे पोहोचवतात. सवयीने गर्दीमागे इमिग्रेशन ओलांडून बाहेर पडलात की ही सोय गेली. विमान उतरणं आणि पुढची फेरी यांत दीड-दोन तासांचं अंतर ठेवा, बॅग हलवायला वेळ लागतो.

शहरातून जायचे दोन मार्ग. शउंग वानच्या धक्क्यावरून फेरी साधारण तासाभरात पोहोचते. रात्रीचं आणि शनिवार-रविवारचं भाडं जास्त. कोताईत, म्हणजे मोठ्या कॅसिनो-हॉटेलांच्या नव्या भागात, राहणार असाल तर ताइपा टर्मिनलची फेरी निवडा, मकाऊ आउटर हार्बरची नव्हे. नाहीतर उतरल्यावर अख्खं शहर ओलांडावं लागतं. दुसरा मार्ग ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या ५५ किलोमीटरच्या हाँगकाँग-झुहाई-मकाऊ पुलावरची सोनेरी बस. ती चोवीस तास धावते, तिकीट दिवसा ६५ हाँगकाँग डॉलर आणि साधारण ४० मिनिटांचा रस्ता. मात्र ही बस एका सीमा-इमारतीपासून दुसऱ्या सीमा-इमारतीपर्यंतच जाते. हाँगकाँगच्या मध्यातून तिथवर पोहोचायचा वेळ मोजला तर फेरीपेक्षा फार काही वाचत नाही. ज्याला समुद्र लागतो त्याने डोळे झाकून बस घ्यावी. दोन्ही ठिकाणी उतरल्यावर मोठ्या रिसॉर्ट्सच्या मोफत बस उभ्या असतात. त्या हॉटेलात खोली नसली तरी बसता येतं.

राहायला कोताई की जुनं शहर? हॉटेल कोताईत घ्या, दिवस जुन्या शहरात घालवा, असं आमचं स्पष्ट मत आहे. कोताईची हॉटेलं एकमेकांना लागून आहेत, खोल्या प्रशस्त आहेत आणि सोमवार ते गुरुवार दर बरेच उतरतात. शनिवारी तीच खोली कितीतरी महाग होते. चिनी नववर्ष, १ मे, ऑक्टोबरचा पहिला आठवडा आणि नोव्हेंबरमधली ग्रां प्री ही मोटार शर्यत हे दिवस टाळाच. बुकिंग साइटवरचा दर पाहताना १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि ५ टक्के पर्यटन कर धरला आहे का ते तपासा. अनामत रकमेसाठी हॉटेल कार्डावर पैसे अडवून ठेवतं. फॉरेक्स प्रीपेड कार्ड दिलंत तर चेकआउटनंतरही ती रक्कम कित्येक दिवस सुटत नाही आणि ऐन सहलीत कार्ड रिकामं दिसतं. त्यासाठी क्रेडिट कार्ड वापरा.

व्हेनेशियनमध्ये सुमारे ३,००० स्वीट आहेत आणि चालायचं अंतरही त्याच मापाचं. लिफ्टपासून खोलीपर्यंत दहा मिनिटं सहज जातात. ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर बुकिंगच्या वेळीच लिफ्टजवळची खोली मागा. गोंडोला होड्यांचा कालवा दुकानांच्या मजल्यावर, कॅसिनोच्या वर आहे. तिथे मुलांना घेऊन बिनदिक्कत फिरता येतं. विन पॅलेससमोरचा कारंजांचा खेळ रस्त्यावरूनच फुकट आणि उत्तम दिसतो.

कॅसिनोत २१ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. पासपोर्ट जवळ ठेवा, टेबलाचे फोटो काढू नका. इथला मुख्य खेळ बॅकरॅट. हा पत्त्यांचा खेळ, यात बँकर जिंकेल, प्लेअर जिंकेल की बरोबरी (टाय) होईल यावर पैसे लावायचे. टेबलावर लिहिलेला किमान डाव वाचून मगच बसा, कोताईत तो बहुधा काहीशे हाँगकाँग डॉलर असतो आणि शनिवारी वाढतो. बँकरवर लावलेल्या दर शंभरामागे सरासरी १.०६ जातात, प्लेअरवर १.२४, आणि टायवर तब्बल १४.३६. टायला आठपट मिळतात या मोहाने लोक तिथेच पैसे घालवतात. किती गमवायचे ते ठरवून तेवढीच रोकड घेऊन जा. भारताच्या परकीय चलन नियमांत लॉटरी, स्वीपस्टेकसाठी पैसे बाहेर पाठवायला बंदी आहे आणि भारतीय कार्डं कॅसिनोच्या काउंटरवर अनेकदा नाकारली जातात. कार्डाच्या भरवशावर तिथे जाऊच नका.

पैसा हाँगकाँग डॉलरमध्येच न्या. अधिकृत दर एका डॉलरला १.०३ पटाका (मकाऊचं चलन), पण दुकानात एकास एक धरतात. सुटे मात्र पटाकात मिळतात आणि मकाऊबाहेर ते बदलून घेणं कठीण. ते बसला वापरा: तिकीट सरसकट ६ पटाका, ड्रायव्हर सुटे परत देत नाही.

जुन्या शहरासाठी अर्धा दिवस नीट द्या. सकाळी नऊच्या आत सेंट पॉलला पोहोचा. १८३५ च्या आगीत चर्च जळालं, दर्शनी भिंत तेवढी उभी आहे. तिथून सेनादो चौक, सेंट ऑगस्टीन, सेंट लॉरेन्स, लिलाउ चौक करत दक्षिणेला आ-मा मंदिरापर्यंत उतरा. शेजारीच बार्रा स्टेशन आहे, तिथून लाइट रेलने थेट कोताई. गोव्याच्या वाचकांनी वाटेतली मूरिश बॅरेक्स ही इमारत चुकवू नये: १८७४ मध्ये गोव्याहून आणलेल्या पलटणीसाठी ती बांधली. मकाऊही पोर्तुगीजांकडे होतं आणि १८४४ पर्यंत त्याचा कारभार गोव्याच्या हाताखाली होता. पोर्तुगीज आणि चिनी अक्षरांतल्या निळ्या-पांढऱ्या टाइल्सच्या रस्त्यांच्या पाट्या पाहिल्या की पणजीतलं फोंताइन्यास आठवतंच.

शाकाहारी मंडळींनी थोडी तयारी करावी. सेंट पॉलखालच्या गल्लीत दुकानदार हातावर बिस्किटांचे तुकडे ठेवतात. ती बदामाची म्हणून विकली जातात, पण पीठ मुगाचं असतं आणि बऱ्याचदा त्यात डुकराची चरबी घालतात. त्याच काउंटरवर मांसाचे गोड पापडासारखे तुकडेही असतात. विचारल्याशिवाय तोंडात टाकू नका. ‘मांस, मासे, अंडं, चरबी नको’ हे चिनी लिपीत लिहिलेलं मोबाइलवर ठेवा. अंडं चालत असेल तर कोलोआनला जाऊन लॉर्ड स्टोजचा गरम एग टार्ट खाच.

जायला नोव्हेंबर, डिसेंबर उत्तम. जुलै ते सप्टेंबर वादळांचे. वादळाचा आठ नंबरचा इशारा-सिग्नल लागला की फेरी थांबते, पूल बंद होऊ शकतो, शहरातल्या बसही थांबतात. त्या महिन्यांत जाणार असाल तर मकाऊच्या दोन रात्री सहलीच्या सुरुवातीला घ्या आणि परतीच्या विमानाआधीची रात्र हाँगकाँगमध्येच ठेवा.