एक टक्का दलाली कशासाठी? आनंदनगरचा फ्लॅट विकल्यानंतरचा अनुभव

फ्लॅट विकून बरेच महिने झाले. पैसे आईच्या खात्यात जमा झाले, सीएने हिशोब हातावेगळा केला, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. पुण्यात सिंहगड रस्त्यावर आनंदनगरमध्ये बाबांनी १९९४ साली घेतलेला टू बीएचके, दुसरा मजला, लिफ्ट नाही. बाबा गेल्यापासून आई नाशिकला माझ्याकडे असते, म्हणून विकायचं ठरलं.

दलाली वाचवायला आधी जाहिरात आम्हीच टाकली होती. भाव अगदी ७० लाख धरला तरी एक टक्का म्हणजे ७०,०००, वर १८ टक्के जीएसटीचे १२,६००. पेन्शनवर राहणाऱ्या बाईसाठी हा आकडा लहान नाही. पण मालकाची जाहिरात दिसली की फोन येतात ते बहुतेक एजंटांचेच, आणि खरा ग्राहक विचारतो, "आज संध्याकाळी बघता येईल का?" नाशिकहून काय उत्तर देणार? शेवटी आतेभावाने एक एजंट सुचवले. २०२३ पासून महारेराने (राज्यातल्या घरबांधणी क्षेत्राची नियामक संस्था) एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली आहे. त्यांचा नोंदणी क्रमांक आणि प्रमाणपत्र दोन्ही बघूनच किल्ली दिली.

पहिल्याच भेटीत खटका उडाला. आम्ही ७८ लाख धरून बसलो होतो, ते म्हणाले ७० च्या वर जाणार नाही. यांना फक्त सौदा उरकायचा आहे, असं माझं ठाम मत झालं. मग त्यांनी नोंदणी विभागाच्या ई-सर्चवरून आमच्याच गल्लीतले अलीकडचे इंडेक्स टू (नोंदवलेल्या विक्रीचे उतारे) काढून टेबलावर मांडले. मोबदला किती, कार्पेट (भिंतींच्या आतलं क्षेत्रफळ) किती, सगळं त्यात लिहिलेलं. मागच्या इमारतीतला लिफ्टवाला फ्लॅट ७१ ला गेला होता. तिथे वाद संपला.

खरी कसोटी कागदपत्रांची होती. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर नॉमिनी म्हणून आईचं नाव लागलेलं, त्यामुळे आम्ही निर्धास्त. त्यांनी फाईल चाळली आणि म्हणाले, "काकू, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. ग्राहकाची बँक मुलांच्याही सह्या मागणार." ताई कोल्हापूरहून आली, तिने आणि मी आईच्या नावे हक्कसोडपत्र नोंदवलं, आणि मगच जाहिरात गेली. टोकन, म्हणजे विसाराची रक्कम, घेतल्यावर हे निघालं असतं तर ग्राहक थांबला नसता.

आता विसारपावती, म्हणजे टोकन घेताना होणारा लेखी करार. याबद्दल मी सविस्तर लिहिणार आहे, कारण माझ्या मते दलालीचे पैसे इथे वसूल होतात. ग्राहक जोडप्याने आणलेल्या मसुद्यात "उर्वरित रक्कम कर्ज मंजूर झाल्यावर" एवढंच होतं. तारीख नाही. आमच्या एजंटनी पेन काढलं आणि समोरासमोर बसून ओळ न् ओळ बदलली. कर्जमंजुरीला ४५ दिवस. आमच्या कागदांतल्या दोषामुळे बँकेने नाकारलं तर टोकन पूर्ण परत. ग्राहकाने मन बदललं तर किती कापायचं तो आकडा. ताबा कधी, तोवरचा मेंटेनन्स कोणाचा, गीझर आणि पंखे राहणार की जाणार. मसुद्यात "पार्किंगसह विक्री" होतं, तेही त्यांनी खोडलं. स्टिल्टचं, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधलं, पार्किंग बिल्डरला फ्लॅटसारखं वेगळं विकता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल आहे. तिथे "सोसायटीने वापरासाठी दिलेली जागा" असं लिहिलं गेलं. पुढे बँकेच्या वकिलाने नेमका पार्किंगचाच प्रश्न काढला आणि उत्तर कागदावर तयार होतं. ग्राहक तर पोर्टलवरही मिळतो. टोकनपासून बँकेचा डीडी हातात पडेपर्यंत सौदा सांभाळणारं माणूस पोर्टलवर मिळत नाही.

त्यातच सोसायटीच्या कमिटीने ट्रान्सफरसाठी "विकासनिधी" म्हणून १ लाख मागितले. आई घाबरून द्यायला तयार झाली होती. महापालिका हद्दीत ट्रान्सफर प्रीमियमची कमाल मर्यादा २५,००० आहे, शासनाचा २००१ चा आदेश आहे. एजंटनी त्याची प्रत सेक्रेटरींसमोर ठेवली आणि आवाज न चढवता वाचून दाखवली. २५,००० ची पावती मिळाली. वाचलेले ७५,००० दलालीच्या आसपासचेच. आम्ही घरच्यांनी हेच म्हटलं असतं तर तीस वर्षांच्या शेजाऱ्यांशी कायमचं वाकडं आलं असतं.

एक गोष्ट मात्र मला अजिबात मान्य नाही आणि त्याचे गुण मी कापणारच. फ्लॅटचे फोटो त्यांनी सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकले, पुढच्या एजंटांनी त्यावर आपापले नंबर छापून ते आणखी पुढे पाठवले, आणि विक्रीनंतर कोणीही काही काढलं नाही. आजही वॉचमनकडे लोक येतात. नव्या मालकीणबाईंनी मला फोन करून विचारलं, आमच्या स्वयंपाकघराचा फोटो ६५ लाखांच्या भावासकट फिरतोय तो कोणाचा? आईच्या देवघराचाही फोटो त्यात आहे, ते मला फार लागलं. एजंटना सांगितलं तर म्हणाले, पुढे गेलेलं कसं थांबवणार? निदान स्वतःच्या जाहिराती तरी त्यांनी त्याच दिवशी उतरवायला हव्या होत्या. तुम्ही कोणाला काम देत असाल तर नोंदणीनंतर अमुक दिवसांत जाहिराती काढायच्या, हे लेखी घ्या, आणि फोटो काढण्याआधी देवघर, भिंतीवरच्या तसबिरी झाका.

जीएसटीबद्दलचा माझा राग पुढे निवळला. सीएने सांगितलं की पक्कं बिल असेल तर दलाली, जीएसटीसकट, भांडवली नफा काढताना विक्रीच्या रकमेतून वजा होते. घर २००१ च्या आधीचं, त्यामुळे खरेदीची किंमत म्हणून धरायला १ एप्रिल २००१ चं मूल्यांकन काढावं लागलं. मग १२.५ टक्के कर की इंडेक्सेशन लावून (खरेदीची किंमत महागाईनुसार वाढवून) २० टक्के, हे दोन्ही मांडून बघितलं. बिलाशिवाय रोख द्या, जीएसटी वाचेल, असं सांगणारे एजंट आम्हाला भेटले होते. त्यांच्याकडे गेलो असतो तर ही वजावट दाखवायला कागदच नसता. ग्राहकाने कापलेल्या १ टक्का टीडीएसचा दाखला, फॉर्म १६बी, मिळवायलाही आमचे एजंटच मागे लागले, आणि तेव्हा त्यांचं बिल चुकतं होऊन गेलेलं होतं.

दलाली आम्ही दोन हप्त्यांत दिली: निम्मी साठेखताची (विक्रीच्या कराराची) नोंदणी झाल्यावर, निम्मी बँकेचे पैसे आईच्या खात्यात आल्यावर. यावर त्यांनी खळखळ केली नाही. टोकनच्या दिवशीच पूर्ण रक्कम मागणारा एजंट असेल तर मी त्याला किल्ली देणार नाही.